पावसाळा लागला की १२ व्होल्टचा सप्लाय वर-खाली होतो? ४३१ बदलण्याआधी हे मोजा

तक्रार जवळजवळ दरवर्षी तीच असते. सोसायटीच्या सीसीटीव्हीचा १२ व्होल्टचा एसएमपीएस, म्हणजे स्विचिंग पद्धतीचा पॉवर सप्लाय, मे महिन्यापर्यंत नीट चालतो. जूनमध्ये सलग झड लागली की कॅमेरे आळीपाळीने बंद-चालू व्हायला लागतात. जागेवर जाऊन आउटपुट मोजलं तर कधी तेरा व्होल्टच्या वर, कधी साडेनऊ. तोच सप्लाय काढून टेबलावर तासभर चालवला तर पुन्हा १२.२, अगदी शहाण्यासारखा. मग कोणीतरी ‘फीडबॅकचा आयसी गेलाय’ म्हणून ४३१ हा आउटपुट स्थिर ठेवणारा आयसी बदलतं, सप्लाय परत भिंतीवर चढतो आणि पुढच्या झडीला येरे माझ्या मागल्या.

माझं काम ठाण्यात, वागळे इस्टेटच्या बाजूला. घोडबंदर रोडवरच्या सोसायट्या, ऐरोली-घणसोलीच्या खाडीकडच्या इमारती, तुर्भे-महापे पट्ट्यातल्या कारखान्यांची गेटं, इथून असे सप्लाय पावसाळ्यात सारखे येतात. त्यातल्या बहुतेकांत ४३१ निर्दोष असतो. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली जाते आणि चोर बोर्डावरच बसून राहतो. म्हणून सांगणं एवढंच आहे की सप्लाय चालू असताना ४३१ च्या तीन पायांवर काय व्होल्टेज आहे ते मोजल्याशिवाय त्याला सोल्डरिंग आयर्न लावू नका. ते आकडे वाचता यायला तो आत काय करतो हे माहीत हवं, म्हणून आधी ते.

४३१ आत काय करतो

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९७७ मध्ये टीएल ४३१ बाजारात आणला. आज तो कितीतरी कंपन्या बनवतात आणि मोबाइल चार्जरपासून वेल्डिंग मशीनपर्यंत सगळीकडे सापडतो. दिसायला साध्या ट्रान्झिस्टरसारखा, तीन पायांचा: कॅथोड, ॲनोड आणि रेफरन्स. सर्किटच्या चित्रात झेनर डायोडला तिसरा पाय जोडलेलं चिन्ह असतं ना, तोच हा.

आत तीन गोष्टी आहेत. २.४९५ व्होल्टचा एक स्थिर संदर्भ, एक ॲम्प्लिफायर आणि एक आउटपुट ट्रान्झिस्टर. रेफरन्स पायावरचं व्होल्टेज ॲनोडच्या तुलनेत २.४९५ च्या किंचित वर गेलं की ट्रान्झिस्टर उघडतो आणि कॅथोडकडून ॲनोडकडे करंट ओढतो. किंचित खाली आलं की तो मिटतो. ४३१ ला याच्यापलीकडे काही कळत नाही. आपला सप्लाय १२ व्होल्टचा आहे की ५ चा हे त्याला ठाऊक नसतं. ते ठरवतात बाहेरचे दोन रेझिस्टर. आउटपुटपासून रेफरन्सपर्यंतचा वरचा आणि रेफरन्सपासून ॲनोडपर्यंतचा खालचा. या जोडीला डिव्हायडर म्हणतात.

हिशेब असा: वरचा भागिले खालचा, त्यात १ मिळवा, त्याला २.४९५ ने गुणा. वरचा ३९ के (किलोओहम) आणि खालचा १० के असेल तर ४.९ गुणिले २.४९५, म्हणजे १२.२३ व्होल्ट. यात एक बारकी भर पडते. रेफरन्स पाय स्वतः साधारण २ मायक्रोअँपिअर पितो, तो वरच्या रेझिस्टरमधून येतो, म्हणून आणखी ०.०८ व्होल्ट. एकूण १२.३. ही भर इथे नगण्य आहे. पण वीज वाचवायची म्हणून कोणी ३९० के आणि १०० के लावले तर तीच भर ०.७८ व्होल्ट होते आणि ‘हिशेब बरोबर असून १३ व्होल्ट का येतात’ हे कोडं पडतं.

४३१ ला शंट रेग्युलेटर म्हणतात. ‘शंट’ म्हणजे लोडला समांतर बसलेला. गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लो पाइप पातळी कशी धरून ठेवतो ते आठवा. नळ थोडा जास्तच सोडलेला असतो, घरांनी वापरून उरलेलं पाणी ओव्हरफ्लोतून जातं आणि पातळी हलत नाही. शंट रेग्युलेटर तसाच जास्तीचा करंट स्वतःतून जाऊ देतो. म्हणून त्याच्यामागे सिरीज रेझिस्टर लागतोच आणि तो चुकला की सगळं चुकतं.

उदाहरण घेऊ. इन्व्हर्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरून एका सेन्सरला ५ व्होल्ट द्यायचे आहेत, सेन्सर १० मिलिअँपिअर घेतो. सिरीज रेझिस्टर ४७० ओहम. बॅटरी १२ वर असताना त्यातून १४.९ मिलिअँपिअर येतात. दहा सेन्सरला, उरलेले ४.९ मध्ये ४३१ खूश. आता लाइट गेली, बॅटरी १० व्होल्टवर उतरली. रेझिस्टरमधून आता फक्त १०.६ मिलिअँपिअर येतात, ४३१ च्या वाट्याला ०.६. त्याला नीट काम करायला डेटाशीटप्रमाणे १ मिलिअँपिअर हवा. त्याच्याखाली रेग्युलेशन सैल पडायला लागतं. उलट चार्जिंगला बॅटरी १४.५ वर असेल आणि सेन्सर काढलेला असेल, तर २० मिलिअँपिअर सगळे ४३१ मधून जातात आणि रेझिस्टरवर जवळपास ०.१९ वॅट उष्णता तयार होते. तिथे पाव वॅटचा रेझिस्टर बराच तापतो, अर्धा वॅटचा लावा. थोडक्यात, सिरीज रेझिस्टर काढताना सगळ्यात कमी इनपुट आणि सगळ्यात जास्त लोड धरा, मग उलट टोकाला वॅट तपासा. डेटाशीटवर ३६ व्होल्ट आणि १०० मिलिअँपिअर लिहिलेले असतात, पण ते दोन्ही एकदम मिळत नाहीत. ३.६ वॅट त्या इवल्याशा प्लॅस्टिकच्या अंगाला झेपणार नाहीत. मी त्याला अर्ध्या वॅटच्या वर नेत नाही.

एसएमपीएसमध्ये मात्र ४३१ आउटपुटचा करंट ओढत नाही. त्याचा कॅथोड ऑप्टोच्या एलईडीला जोडलेला असतो, बहुतेक पीसी ८१७ किंवा तसाच. ऑप्टो म्हणजे आउटपुटकडच्या बाजूचा (सेकंडरी) निरोप उजेडाने लाइनकडच्या बाजूला (प्रायमरी) पोहोचवणारा भाग. आउटपुट वाढलं की रेफरन्स वाढतो, ४३१ कॅथोड खाली खेचतो, ऑप्टोचा एलईडी उजळतो आणि प्रायमरीच्या कंट्रोलरला ‘कमी कर’ असा निरोप जातो.

तीन पाय, चार परिस्थिती

आधी सांभाळायची गोष्ट. प्रायमरीच्या मोठ्या कॅपॅसिटरवर २३० व्होल्टच्या लाइनमुळे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकतं. पहिल्यांदा सुरू करताना सिरीज बल्ब ठेवा, म्हणजे लाइनच्या वायरीत मध्ये जोडलेला बल्ब, शॉर्ट असला तर करंट रोखायला. मल्टिमीटरची काळी वायर सेकंडरीच्या निगेटिव्हवर, म्हणजे ४३१ च्या ॲनोडवरच लावा, आणि हात सेकंडरीच्या बाजूलाच राहू द्या.

आता आउटपुट, रेफरन्स आणि कॅथोड मोजा.

आउटपुट चुकीचं आहे, पण रेफरन्सवर बरोबर २.५ आहेत. म्हणजे ४३१ चोख काम करतोय. त्याला २.५ दिसतात म्हणून तो समाधानी आहे. चूक त्याला खोटं सांगणाऱ्या डिव्हायडरमध्ये आहे: किंमत बदललेला रेझिस्टर, गंजलेला प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा रेझिस्टर) किंवा बोर्डावरची गळती. पावसाळ्यातल्या बहुसंख्य केसेस इथे येतात, म्हणून हिच्याकडे परत येतोच.

रेफरन्स २.५ च्या वर आहे आणि कॅथोड २ व्होल्टच्या आसपास उतरलेला आहे. ४३१ जीव तोडून ओढतोय, पण कोणी ऐकत नाही. कॅथोड २ च्या खाली जात नाही, तो त्याचा तळ आहे. अशा वेळी ऑप्टो बघा, एलईडीचा सिरीज रेझिस्टर बघा, मग प्रायमरी. वर्षानुवर्षं तापलेल्या ऑप्टोचा एलईडी मंदावतो आणि पुरेसा निरोप पलीकडे पोहोचत नाही.

रेफरन्स २.५ च्या वर आणि कॅथोडही वरच, जवळपास आउटपुटइतका. आता खरोखर ४३१ संशयित. पण त्याआधी त्याच्या ॲनोडचा सोल्डर जॉइंट भिंगाखाली बघा. मापताना काळी वायर पायावर दाबली की कधीकधी जॉइंट तात्पुरता जुळतो आणि सप्लाय शहाणा होतो, यावरून ओळखू येतं.

रेफरन्स २.५ च्या खाली आणि आउटपुट कमी. कॅथोड वर असेल तर ४३१ काहीच ओढत नाहीये. म्हणजे सप्लायला दुसरं कोणी दाबतंय: जादा लोड, सुकलेला आउटपुट कॅपॅसिटर, प्रायमरीतला दोष. कॅथोड खाली असेल तर ४३१ लीक झालाय किंवा शॉर्ट आहे, बदला.

ही शेवटची परिस्थिती डिजिटल मीटरवर फसवू शकते. आउटपुटचा इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर सुकला की रिपल, म्हणजे डीसीवरची चढउतार, वाढतो, मीटर सरासरी दाखवतो आणि रेफरन्स २.४ आणि २.६ च्या मध्ये नाचतो. सप्लाय चिक-चिक आवाज करत असेल तर कोणताही निष्कर्ष काढण्याआधी आउटपुट कॅपॅसिटर बदला. १०५ डिग्रीचे, लो ईएसआर (आतला रेझिस्टन्स कमी असलेले). फुगलेला दिसला नाही म्हणजे चांगला असं नसतं.

मुख्य चोर: तपकिरी गोंद

मोठे कॅपॅसिटर आणि कॉइल हलू नयेत म्हणून कारखान्यात बोर्डावर पिवळसर गोंद ओतलेला असतो. नवा असताना तो इन्सुलेटर असतो. उष्णतेने वर्षागणिक तो तपकिरी होतो, मग काळपट, ठिसूळ. अशा जुन्या गोंदातून करंट झिरपायला लागतो आणि दमट हवेत जास्तच. त्याच्याखालचे रेझिस्टरचे पायही तो खातो, खरवडल्यावर हिरवट पूड दिसते.

हा गोंद आउटपुट कॅपॅसिटरच्या बुडाशी असतो आणि डिव्हायडरचे रेझिस्टर बहुतेक तिथेच शेजारी असतात. आता वरचंच ३९ के आणि १० के चं गणित घ्या. गोंदाने खालच्या १० के ला समांतर १०० के ची वाट करून दिली, तर खालचा रेझिस्टर ९.०९ के झाला आणि आउटपुट १३.२ व्होल्ट. तोच १०० के वरच्या ३९ के ला समांतर गेला तर वरचा २८ के उरतो आणि आउटपुट साडेनऊ. साडेनऊवर लांब केबलच्या टोकाचा कॅमेरा रात्री आयआर (इन्फ्रारेड दिवे) लागताच बसतो. तक्रारीतले दोन्ही आकडे एकाच गोंदाने दिले, तो कुठे पसरलाय एवढाच फरक. आणि टेबलावर सप्लाय बरोबर का दाखवतो? चालू झाल्यावर बोर्ड स्वतःच्या उष्णतेने सुकतो आणि वाट बंद होते.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एक पद्धत मी सगळ्यांना सुचवतो. लाइन पूर्ण काढा, प्रायमरीचा कॅपॅसिटर रिकामा झालाय याची मीटरने खात्री करा. मग सप्लायच्या आउटपुट टर्मिनलवर बाहेरून बेंच सप्लाय (व्होल्टेज आणि करंट लिमिट फिरवून ठरवता येणारा सप्लाय) लावा, करंट लिमिट १०० मिलिअँपिअरच्या आसपास, आणि १० व्होल्टपासून हळूहळू वर चढा. १० व्होल्टला रेफरन्सवर २.०४ दिसतील आणि कॅथोड वर असेल. चढता चढता रेफरन्स २.४९ ला पोहोचला की कॅथोड झपकन कोसळून २ व्होल्टवर येतो. ज्या आउटपुटला हे घडतं तोच या सप्लायचा खरा सेट पॉइंट. नीट बोर्डावर तो १२.३ च्या जवळ मिळेल. झडीतून थेट आलेल्या ओल्या बोर्डावर, गोंद खालच्या रेझिस्टरवर असेल तर, तो १३ च्या पुढे सरकलेला दिसतो. मग डिव्हायडरच्या भागावर हेअर ड्रायरने कोमट हवा मारत राहा. सेट पॉइंट तुमच्यासमोर खाली घसरत १२.३ वर येऊन थांबतो. एकदा हे पाहिलं की पुन्हा उगाच ४३१ बदलावासा वाटणार नाही. त्याच वेळी ऑप्टोच्या ट्रान्झिस्टरच्या बाजूला रेझिस्टन्सवर मीटर लावला, लाल वायर कलेक्टरला, तर कॅथोड कोसळताच तिथला रेझिस्टन्सही उतरायला हवा. नाही उतरला तर ऑप्टो किंवा त्याच्या एलईडीची वाट.

उपाय कष्टाचा आहे, अवघड नाही. बांबूच्या काडीने गोंद खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने पुसा, पुन्हा पुसा. गोंदाखाली सापडलेला प्रत्येक रेझिस्टर एक पाय सोडवून मोजा आणि पाय खराब असेल तर बदला. धातूच्या स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, ट्रॅक तुटतो. धरून ठेवायला परत काही लागलंच तर न्यूट्रल क्युअर सिलिकॉन वापरा. बाथरूमच्या फटी भरायचं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, त्यातलं आम्ल तांबं खातं. डिव्हायडरचा भाग मात्र मोकळाच ठेवा आणि पूर्ण सुकल्यावर त्यावर पीसीबी लॅकरचा हात द्या. ओलावा आत कोंडून लॅकर मारला तर केलेलं सगळं वाया.

प्रीसेट आणि बाकीचे

सीसीटीव्हीच्या जाळीच्या डब्यातल्या सप्लायला टर्मिनलशेजारी व्होल्टेज ॲडजस्टचा प्रीसेट असतो. खाडीच्या खाऱ्या हवेत त्याचा सरकता काटा पकड सोडतो. तो डिव्हायडरच्या खालच्या बाजूला असेल तर काटा सुटल्यावर व्होल्टेज कोसळतं, वरच्या बाजूला असेल तर उसळतं, आणि उसळलं की १६ व्होल्टचे कॅपॅसिटर फुटतात आणि मागे कॅमेऱ्यांचा नंबर लागतो. पेनाच्या टोकाने हलकं टिचकी मारून आउटपुट हलतंय का बघा. मला हे प्रीसेट आवडत नाहीत. आउटपुट बरोबर असताना त्याची किंमत मोजून तिथे तेवढाच मेटल फिल्म रेझिस्टर लावून टाकावा. कॅमेऱ्याच्या सप्लायचं व्होल्टेज रोज बदलायची गरज कोणाला असते?

हलक्या लोडवर आउटपुट डोलत असेल तर ऑप्टोच्या एलईडीला समांतर असलेला रेझिस्टर, साधारण १ के चा, मोजा. एलईडीवर १.१ व्होल्ट असतात म्हणून त्यातून १ मिलिअँपिअरच्या वर जातो आणि ४३१ ला हवा असलेला किमान करंट तोच पुरवतो. तो तुटला की बाकी सगळं बरोबर असून रेग्युलेशन सैल.

आणखी एक सवय मोडायला हवी. ‘नॉइज कमी होईल’ म्हणून ४३१ च्या कॅथोड-ॲनोडवर ०.१ मायक्रोफॅरडचा डिस्क कॅपॅसिटर लावणं. साधारण दहा नॅनोफॅरडपासून काही मायक्रोफॅरडपर्यंतचा पट्टा ४३१ ला मानवत नाही. व्होल्टेज आणि करंटप्रमाणे तो सरकतो, पण ०.१ बऱ्याचदा मधोमध पडतो आणि आयसी ऑसिलेट व्हायला लागतो. मीटरवर आकडा किंचित चुकीचा दिसतो, स्कोपवर लाटा दिसतात. लावायचाच तर एक नॅनोफॅरडच्या खाली किंवा दहा मायक्रोफॅरडच्या वर, आणि डेटाशीटमधला स्थिरतेचा आलेख बघून. कॅथोड आणि रेफरन्स यांच्यामध्ये असलेला कॅपॅसिटर मात्र वेगळा. तो लूप स्थिर ठेवतो, त्याला काढू नका.

बदलायचाच असेल तर

आणलेला ४३१ लावण्याआधी तपासा, लॅमिंग्टन रोडवरून आणलेला असो की ऑनलाइन. ९ व्होल्टची बॅटरी, १ के सिरीज, कॅथोड आणि रेफरन्स एकत्र जोडलेले: कॅथोडवर २.५ दिसायला हवेत. साध्या ग्रेडला दोन टक्के मुभा असते, म्हणजे २.४४ ते २.५५. ए ग्रेडला एक टक्का, बी ग्रेडला अर्धा. मग कॅथोड-रेफरन्स आणि रेफरन्स-ॲनोड असे दोन १० के लावा, ५ व्होल्ट यायला हवेत. मल्टिमीटरच्या डायोड रेंजवरून ४३१ चांगला की वाईट ते ठरत नाही. तिथे शॉर्ट असलेला फक्त कळतो.

ट्रान्झिस्टरच्या आकारात सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून रेफरन्स, ॲनोड, कॅथोड. एसएमडीच्या तीन पायांच्या पॅकेजमध्ये घोळ आहे. टेक्सासच्या टीएल ४३१ मध्ये पहिला पाय कॅथोड आणि दुसरा रेफरन्स, तर टीएल ४३२ मध्ये बरोबर उलट, आणि काही कंपन्या ४३१ च दोन्ही मांडणींत विकतात. आत तोच आयसी, पण उलटा बसला तर सप्लाय चालणार नाही. बोर्डवरचा डिव्हायडर कोणत्या पॅडला जातो ते बघूनच लावा.

सगळ्यात महागात पडते ती टीएलव्ही ४३१ ची अदलाबदल. ३.३ व्होल्टच्या सप्लायमध्ये साधा ४३१ ऑप्टोसोबत चालत नाही. त्याचा तळ २ व्होल्टचा, एलईडीचे १.१, मग सिरीज रेझिस्टरला उरतंच काय? म्हणून तिथे १.२४ व्होल्टचा टीएलव्ही ४३१ असतो. त्याच्या जागी हाताशी असलेला साधा ४३१ लावला तर डिव्हायडर तोच राहतो, संदर्भ दुप्पट होतो आणि ३.३ च्या जागी आउटपुट ६.६ कडे धावतं. डीव्हीआरचा (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याचा) प्रोसेसर त्यात क्षणात जातो. उलट, टेक्सासच्या टीएलव्ही ४३१ ला ६ व्होल्टपर्यंतच चालवायचं असतं, १२ व्होल्टच्या बोर्डावर तो तग धरत नाही. मार्किंग पुसलं असेल तर जुना आयसी टाकून देण्याआधी बोर्डवरच्या डिव्हायडरचं गुणोत्तर (वरचा भागिले खालचा, अधिक १) काढा आणि आउटपुटला त्याने भागून बघा. उत्तर २.५ च्या जवळ येतं की १.२४ च्या, त्यावरून कोणता आणायचा ते ठरवा.